मांजर झोपली की भरती येते : मांजरीला ओळखणारं व्हीआर जग घरच्या घरी

मांजरीला व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा, हेडसेट घालायचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम आणि आमच्या मांजरीचं, चकलीचं, ४ किलो. म्हणजे अंगाच्या आठव्या हिश्शाएवढं ओझं नाकावर. त्यातलं भिंगांमधलं अंतर माणसाच्या डोळ्यांसाठी, रंगही माणसाच्याच नजरेसाठी. तेव्हा हेडसेट तुम्ही लावायचा. मांजर खोलीत तिच्या मर्जीने वावरणार, आणि ती जे करेल त्याप्रमाणे तुमच्या डोळ्यांपुढचं जग बदलणार.

लागतं काय? एक हेडसेट (उसना चालेल, पहिले दोन महिने मी मैत्रिणीचाच वापरला), एक बरा लॅपटॉप, वेबकॅम किंवा कपाटात पडलेला जुना फोन, घरचं वायफाय, मोजायची टेप आणि चिकटपट्टी. प्रोग्रामिंगची थोडी ओळख हवी. पायथॉनचं पानभर वाचून अर्थ लागत असेल तर निभावेल. खेळ बांधायला मी गोडो वापरते. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि चौथ्या आवृत्तीपासून ओपनएक्सआर, म्हणजे हेडसेटशी बोलायची सोय, त्यात आतूनच येतं. यूनिटी हे खेळ बांधायचं दुसरं साधन येत असेल तर खुशाल तेच वापरा.

पहिला आठवडा नुसती मांजर बघा

नवशिका माणूस आधी जग बांधायला बसतो. मीही बसले होते. अख्खं जंगल उभं केलं: चकलीने उडी मारली की फुलपाखरं उडणार, ती धावली की वारा सुटणार. सगळं जोडलं, हेडसेट चढवला, आणि चकली झोपली. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपते हे वाचलेलं होतं, पण त्या ढिम्म जंगलात वीस मिनिटं बसल्यावर ते खऱ्या अर्थाने कळलं. आई दारातून म्हणाली, "अगं, त्या डबड्यात डोकं घालून कुणाची वाट बघत्येस? ती केव्हाच झोपली."

तेव्हा आधी वही घ्या. मांजर खोलीत कधी येते, कुठे बसते, किती वेळ, कशाने उठते, हे सात दिवस टिपा. माझ्या वहीत निघालं ते असं: सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सात या तिच्या हुंदडण्याच्या वेळा, उरलेला दिवस कपाटावर, वॉशिंग मशीनवर किंवा माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर. पहाट आणि तिन्हीसांजेला मांजरं जास्त जागी असतात, हे सगळ्याच मांजरांचं. पण इस्त्रीच्या कपड्यांचं तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल.

या नोंदींवरून तिच्या अवस्थांची यादी करा. माझ्याकडे पाच झाल्या: झोप, भाकरी (म्हणजे पाय पोटाखाली दुमडून, डोळे अर्धे मिटून बसणं), चालणं, धावणं, आणि गायब, म्हणजे पलंगाखाली किंवा कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. प्रत्येक अवस्थेला तुमच्या जगाकडे काहीतरी उत्तर हवं. आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं उत्तर झोपेला हवं, कारण खेळाचा बहुतेक वेळ तिथेच जाणार आहे.

जग निवडताना

मी राहते नवी मुंबईत, ऐरोलीला. गच्चीवरून खाडी दिसते, हिवाळा लागला की तिच्या काठावर गुलाबी रेघ उमटते. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. इथल्या जैवविविधता केंद्रातून पक्षी बघायला बोटी सुटतात, त्या घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघून. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, त्यात चोची उलट्या घालून चरत राहतात. भरती आली की तो चिखल बुडतो आणि थवे दुसरीकडे सरकतात.

मला हवं होतं ते यात आयतं सापडलं. मांजर झोपली की भरती चढते. उठून चालायला लागली की ओहोटी लागते आणि चिखल उघडा पडतो. ती जिथे चालते तिथल्या निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, टुणकन उडून बिळात जातात. ती धावली की थवा उडतो; पण एकदम नाही, अग्निपंख उडण्याआधी पाण्यावर चार पावलं पळतात, तसे पळून. भाकरी करून बसली की वारा पडतो आणि तिवरांच्या मुळांतून खेकडे डोकावतात. गायब झाली की धुकं. तुम्ही ठाण्यात तलावपाळीला राहत असाल तर मासुंदा तलाव घ्या, येऊरच्या पायथ्याशी असाल तर पावसातलं येऊर घ्या. रोजच्या बघण्यातली जागा घेतली की तपशील शोधत बसावं लागत नाही, आणि कुठे चुकलंय ते आपलं आपल्यालाच टोचतं.

कॅमेरा कुठे लावायचा

हेडसेटचे स्वतःचे कॅमेरे असतात, पण ते तुम्ही बघाल तिकडेच बघतात. मांजर पाठीमागे गेली की संपलं. म्हणून खोलीला वेगळा डोळा हवा. छताच्या मधोमध लावावा असं आधी वाटतं, पण आपल्याकडे ती जागा पंख्याची. शिवाय नेमकं डोक्यावरून बघितलं तर मांजर ओळखणारे प्रोग्राम गोंधळतात, कारण त्यांना शिकवलेले बहुतेक फोटो माणसाच्या उंचीवरून, समोरून काढलेले असतात. कपाटावर किंवा पडद्याच्या दांडीवर, साधारण सात फुटांवर, खाली तिरपा बघणारा कॅमेरा उत्तम.

ओळखण्यासाठी योलो या, चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रोग्रामचं सगळ्यात छोटं मॉडेल पुरतं. कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकवलेल्या मॉडेलना ८० प्रकारच्या गोष्टी ओळखता येतात आणि मांजर त्यांतच आहे, त्यामुळे वेगळं काही शिकवायला नको. साध्या लॅपटॉपवर सेकंदाला दहाएक वेळा ओळख झाली तरी काम भागतं. चित्र लॅपटॉपवरच राहू द्या. घरातला कॅमेरा आहे, बाहेर कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं काहीच कारण नाही.

एका गमतीने माझा अख्खा रविवार खाल्ला. पडद्यावर सारख्या दोन चकल्या दिसायच्या. एक खरी आणि तिच्या पायाशी चिकटलेली दुसरी, उलटी. आमच्या फरशीच्या चकचकीत टाइल्समध्ये तिचं प्रतिबिंब पडत होतं आणि मॉडेल बिचारं इमानाने तेही मोजत होतं. इलाज दोन रुपयांचासुद्धा नाही: सतरंजी अंथरा. एकरंगी आणि मांजरीच्या रंगाशी न जुळणारी. काळ्या मांजरीला काळं जाजम घातलंत तर मग देवच वाली.

चार वाट्यांचं गणित

आता मॉडेल सांगतं की मांजर चित्रात अमुक ठिकाणी आहे. आपल्याला हवं असतं ते खोलीत कुठे, मीटरमध्ये. त्यासाठी सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवा. कुठल्याही एका वाटीला शून्य माना आणि बाकीच्या तिघींचं अंतर टेपने मोजा. मग कॅमेऱ्याच्या चित्रात त्या चारही वाट्या कुठे दिसतात ते टिपा. ओपनसीव्ही या, पायथॉनमधून वापरता येणाऱ्या चित्रांच्या हत्यारपेटीमध्ये 'गेट पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्म' नावाचं तयार काम आहे. त्याला चित्रातले चार बिंदू आणि जमिनीवरचे चार बिंदू दिले की ते रूपांतराचं कोष्टक देतं. यापुढे चित्रातला कुठलाही बिंदू द्या, जमिनीवरची जागा मिळते. वाट्या उचलून ठेवा, त्यांच्या जागी चिकटपट्टीच्या फुल्या मारा. कॅमेरा जरासा जरी हलला तरी हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून फुल्या काढू नका.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. मॉडेल मांजरीभोवती चौकट काढतं, आणि आपण त्या चौकटीचा मध्य घेतो. मध्य म्हणजे मांजरीची पाठ. हे गणित फक्त जमिनीवरच्या बिंदूंना लागू पडतं, म्हणून चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य घ्यायचा, जिथे तिचे पंजे टेकलेत. पाठ घेतलीत तर मांजर कॅमेऱ्यापासून वीतभर लांब सरकलेली दिसते. आणि ती खुर्चीवर चढली तर गणित तिला थेट शेजाऱ्यांच्या घरात नेऊन ठेवतं. सतरंजीच्या बाहेरचा आकडा आला की 'गायब' धरा, म्हणजे प्रश्न मिटला.

मिळालेला आकडा थरथरत असतो. जुन्या जागेचे आठ भाग आणि नव्याचे दोन असं मिसळत गेलं की शांत होतो. एखाद्या क्षणी मांजर दिसलीच नाही तर शेवटची जागा दोन सेकंद धरून ठेवा. झोप कशी ओळखायची? तीन मिनिटांत दहा सेंटिमीटरही हलली नाही तर झोप. मी आधी एकच मिनिट ठेवलं होतं. चकली अंग चाटायला बसली की भरती, पंजा बदलला की ओहोटी. खाडीला हिवताप झाल्यासारखं दिसायचं.

लॅपटॉपवरून हेडसेटपर्यंत

जागा आणि अवस्था, एवढीच माहिती यूडीपीने, म्हणजे पोच न मागता चिठ्ठ्या टाकत राहायच्या पद्धतीने, वायफायवरून हेडसेटला पाठवायची. ती सेकंदाला दहा वेळा जाते, एखादी चिठ्ठी हरवली तरी पुढची येतेच. गोडोमध्ये एक्सपोर्ट करताना इंटरनेटच्या परवानगीवर टिचकी मारायला विसरू नका, नाहीतर खेळ मुकाट चालतो आणि मांजर कधीच येत नाही. लॅपटॉपची फायरवॉल चिठ्ठ्या अडवत नाही ना, तेही एकदा बघा. सोसायटीत प्रत्येक भिंतीपलीकडे एक राउटर असतो, म्हणून दोन्ही यंत्रं वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठेवलेली बरी.

मग दोन नकाशे जुळवायचे: वाट्यांचा आणि हेडसेटचा. हेडसेटला उंची आणि मीटर आधीच कळतात, त्यामुळे दोन बिंदू पुरतात. कंट्रोलर, म्हणजे हेडसेटचा हातात धरायचा रिमोट, एका फुलीवर टेकवून बटण दाबा, दुसऱ्या फुलीवर टेकवून दाबा. त्यातून किती सरकवायचं आणि किती फिरवायचं ते निघतं. खेळताना कुणी कंट्रोलरवरचं मेटाच्या चिन्हाचं बटण दाबून धरून दिशा नव्याने लावली की हे जुळणं बिघडतं. ते दोन टेकवणं मी खेळाच्या सुरुवातीलाच घालून ठेवलंय.

एवढं झालं की लगेच खाडी रंगवायला बसू नका. रिकाम्या करड्या जमिनीवर एक पिवळा गोळा ठेवा आणि मांजर फिरवा. गोळा तिच्यामागे फिरतोय का, किती मागे राहतोय, बघा. कॅमेरा, ओळख, वायफाय मिळून पाव सेकंदाच्या आसपास उशीर होतो. मांजर सेकंदाला तीन मीटरने सुटली तर गोळा दोन-अडीच फूट मागे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही बसा

डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस आणि मोकळी मांजर एकाच खोलीत. शेपटीवर पाय पडायला किती वेळ? उशीर अडीच फुटांचा असल्यावर नुसतं 'मांजर इथे आहे' असं दाखवणं पुरत नाही. मी बरेच उपाय केले, इशाऱ्याची वर्तुळं, घंटा. शेवटचा उपाय सगळ्यात सोपा निघाला: खेळणाऱ्याला खाली बसवा. मांडी घालून सतरंजीवर. खाडीत तुम्ही होडीत बसलेले आहात, उठायचं कारणच नाही. चालणं गेलं, भीती गेली.

मग मांजर मांडीवर आली तर? येतेच. मांडी म्हणजे निमंत्रण. मांजरीची जागा तुमच्या डोक्याच्या जागेपासून, उंची सोडून जमिनीवरच मोजून, ६० सेंटिमीटरच्या आत आली की खाडी विरळ होत पासथ्रू उघडतं, म्हणजे हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खरी खोली आणि खरी मांजर दिसते. मांडीवरची मांजर जमिनीपेक्षा वर असल्याने हिशेब थोडा चुकतो, पण ६० सेंटिमीटरच्या पोटात ती चूक मावते. ती अंग टाकून स्थिरावली की खाडी पुन्हा भरते, आणि होडी चार बोटं पाण्यात खोल जाते. नवं वजन आलं ना.

कंट्रोलर खेळताना बाजूला ठेवा आणि हातांची ओळख वापरा. मनगटाला लोंबणारी दोरी दिसली की मांजर खेळाकडे ढुंकून बघत नाही, दोरीवरच झेप घेते, आणि त्या क्षणी तुमचा हात हवेत फिरत असतो.

होडी हलवायचा मोह आवरा. मी लाटांबरोबर ती मंद डोलवली होती, दिसायला फार छान. भावाला तिसऱ्या मिनिटाला मळमळलं. शरीर स्थिर आणि डोळ्यांपुढचं जग डोलतंय, हे पोटाला पटत नाही. क्षितिज जागच्या जागी ठेवा. डोलायचंच तर दूरच्या होड्या डोलवा.

थोडं यंत्राचं

सेकंदाला ७२ चित्रं म्हणजे एका चित्राला १४ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. हेडसेटमधला प्रोसेसर मोबाइलचा. त्यामुळे एकेक अग्निपंख तीनशे त्रिकोणांत बसवा, ब्लेंडर या आकृत्या घडवायच्या प्रोग्राममध्ये एकच बनवा आणि एकाच आकृतीच्या अनेक प्रती काढणाऱ्या गोडोच्या मल्टिमेशने त्याचे साठ करा. सगळ्यात महाग पडतं ते पारदर्शक पाणी. इथे ठाणे खाडी आपल्या पथ्यावर पडते, कारण तिचं पाणी पारदर्शक कधी नसतंच. करडं, अपारदर्शक, थोडी चमक असलेलं एक पसरट पान. भरतीला ते वर सरकवायचं, ओहोटीला खाली. खरी भरती चढायला सहा तास लागतात, मी बारा मिनिटं ठेवली.

मांजरीला यातून काय

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि विचारायला हवा. आपण तिच्या झोपेतून आपला खेळ उभा करून बघतो. तिच्या पदरात काय पडतं? तिला तुमची खाडी दिसत नाही. तिला दिसतो खाली बसून हवेत हात फिरवणारा माणूस.

लेझरचा ठिपका नको: डोळ्यांना धोका, आणि कितीही धावलं तरी पंजात काही येत नाही, त्याने मांजर चिडते. प्रोजेक्टर असेल तर सतरंजीवर छोट्या आकृत्या सोडता येतात. मांजरीला निळे आणि पिवळे रंग बरे कळतात, लाल तिला मळकट दिसतो. म्हणजे तुमचे गुलाबी अग्निपंख तिच्या कामाचे नाहीत. आकृती उंदराएवढी असावी, तिच्यापासून दूर पळावी, मध्ये थांबावी, सतरंजीच्या कडेखाली लपावी. अंगावर धावून येणारा उंदीर कुठल्याच मांजरीने पाहिलेला नसतो. पण मी प्रोजेक्टर सोडून दिला. हेडसेट काढला की पिसांची काठी दहा मिनिटं हलवते, शेवटी ती पकडू देते, मग खाऊ. काठी नंतर कपाटात. दोरा मांजरीने गिळला तर आतडी कापली जाण्यापर्यंत पाळी येते.

आवाज बेताचा ठेवा. आपले कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतात, मांजरीचे ८५ किलोहर्ट्झपर्यंत जातात, आणि हेडसेटचे स्पीकर उघडे असतात. माझ्या पक्ष्यांचा पहिला कलकलाट ऐकून चकली दोन दिवस त्या खोलीत आली नव्हती. दार नेहमी अर्धं उघडं ठेवा. कान आडवे पडले, शेपटी जमिनीवर आपटायला लागली की खेळ तिथेच बंद, तुमचा थवा कितीही सुंदर उडत असो.

हेडसेट ठेवताना भिंगं खाली करून, डब्यात. गॅलरीच्या उन्हात तर चुकूनही नाही: भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळतो. भिंगं प्लास्टिकची असतात, एका नखाचा ओरखडा कायमचा. केस चिकटतातच, कोरड्या मऊ कापडाने पुसा. डब्याचं झाकण लावा, नाहीतर पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा आत मांजर असेल.

पहिली परीक्षा

स्वतः दहा वेळा खेळून झाल्यावर अशा माणसाला बसवा ज्याला यातलं काही माहीत नाही. मी आईला बसवलं. संध्याकाळचे सात, ट्यूबलाइट लावलेली, कारण कॅमेऱ्याला उजेड लागतो. काही समजावून सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका; ती काय विचारते ते वहीत लिहा. चकलीने खोलीला एक चक्कर मारली, निवट्या उडाल्या, आई हसली. मग चकली सरळ तिच्या मांडीवर जाऊन गोल वळली. खोली दिसली, पुन्हा खाडी भरली. तीन मिनिटं झाली आणि भरती चढायला लागली. चिखल बुडाला, खेकडे गेले, पाणी होडीच्या काठाला लागलं. आई काही बोलेना. मला वाटलं कंटाळली.

"काढू का गं?" मी विचारलं.

"शू," ती म्हणाली. "उठेल ती."

वहीत मी लिहिलं: भरतीचे आवाज अजून हळू करणे, बारा मिनिटांनंतर पुढे काय, ते बांधणे.